शूर मुंगसाचा जोड

एका जंगलात वीज आली, मुलांनो. अक्कल तिच्या मागून येणार होती. ती अजून वाटेतच आहे.

त्या जंगलात झुंजारराव नावाचा मुंगूस बायकोपोरांसह बिळात राहायचा. त्याने एकदा एक धामण मारली होती. धामण बिनविषारी असते, हे तो कुणाला सांगत नसे.

बिळाच्या आतल्या खोलीत त्याची तीन पिल्लं वाळक्या गवतावर झोपायची. तिथे दिवा लावायचा होता, पण वायर पुरत नव्हती. तिला दुसरा तुकडा जोडायला हवा होता. म्हणून त्याची बायको सगुणा बाजारातून कनेक्टर आणि त्यावर बसणारी डबी घेऊन आली.

"अहो, आधी मेन स्विच बंद करायचा," ती म्हणाली. "टोकं जरुरीपुरतीच सोला, कनेक्टरात पूर्ण आत घाला, स्क्रू घट्ट आवळा आणि ओढून बघा. उघडी तार कुठे दिसता कामा नये. मग सगळं डबीत बंद करा."

"अगं, आमच्या सात पिढ्यांनी साप मारले," झुंजारराव हसला. "आणि मी या वायरीला घाबरू? कनेक्टर भित्र्यांसाठी असतात!"

त्याने वायर दातांनी सोलली. सगुणा आधीच गुपचूप मेन बंद करून आली होती, म्हणून तो वाचला. त्याला मात्र वाटलं, वीजच आपल्याला घाबरली.

मग त्याने तारांना पीळ दिला, वर जुन्या खोक्याची चिकटपट्टी गुंडाळली आणि मिशीला ताव दिला. दिवा लागला.

थोड्याच दिवसांत जोड तापू लागला. जळका वास येऊ लागला.

"जोड सैल आहे हो! पिल्लांच्या उशाशीच आहे!" सगुणा कळवळून म्हणाली.

"नव्या वायरीला वास येतोच."

पुढे जोड फुसफुसू लागला. आता मात्र आमच्या शूरवीराला ती धामण आठवली. "त्या धामणीचा शाप!" असं ओरडत तो बगळेबुवांकडे धावला.

बगळेबुवा एका पायावर उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. एवढ्यावर त्यांचं पोट चालत असे.

"सर्पदोष," ते म्हणाले. "जोडावर दूध वाहा."

अख्खं जंगल पूजेला जमलं. सगुणा मेनकडे निघाली, तर सगळे तिच्यावर खेकसले. "पूजेत अंधार करतेस? अपशकुनी कुठली!" त्यांनी तिची वाटच अडवली.

सगुणा मागे वळली. तिने एकेक पिल्लू मानेला धरून बाहेर नेलं. तिसरं बाहेर पडलं आणि आत दूध पडलं.

फाट्!

झुंजाररावाच्या मिशा गेल्या. शेपटी करपली. पिल्लांचं अंथरूण भडकलं. बगळेबुवा सगळ्यांच्या आधी उडाले. वाट मोकळी होताच सगुणाने मेन बंद केला आणि माती टाकून आग विझवली. दुसऱ्या दिवशी तिने करपलेली वायर कापून टाकली, नवा तुकडा घेतला आणि कनेक्टर लावून डबी बंद केली. दिवा पुन्हा लागला. जोड गार होता.

जंगलाने लगेच सभा भरवली. दुधाने दोष गेला म्हणूनच दिवा लागला, असं ठरलं. बगळेबुवांना टोपलीभर मासे मिळाले. शापाशी झुंजल्याबद्दल झुंजाररावाला शाल-श्रीफळ दिलं. त्याने धैर्यावर भाषणही केलं. सगुणाला मात्र समज देण्यात आली, कारण ती पूजा अर्धवट सोडून पिल्लांना घेऊन बाहेर पडली होती.

समज ऐकून ती पाहुण्यांसाठी चहा टाकायला गेली.

तात्पर्य : मुलांनो, घरातल्या शहाण्या बाईचं मुळीच ऐकू नये. ऐकलं तर घर पेटत नाही, आणि घर पेटलं नाही तर नवऱ्याच्या शौर्याला विचारतो कोण?