गरम मुलखात थंडीचं पुस्तक

"बागेत काय मोठंसं आहे? दोन हात आणि एक चांगलं पुस्तक," फोर्तुनातोने बसमधून उतरता उतरताच जाहीर करून टाकलं. सगळा जन्म त्याने ओरुरोच्या रेल्वे कारखान्यात काढला होता. तिथे वर पठारावर भर दुपारीही सावलीत हुडहुडी भरते. इथे खाली सांताक्रूझच्या मैदानात उतरल्यापासून त्याच्या अंगाला सदरा चिकटला होता तो सुटतच नव्हता. पण एकुलती एक लेक, मार्लेनी, इथे दिलेली. तिला सप्टेंबरात बाळ व्हायचं होतं. नातवंडाला खांद्यावर घेऊन मिरवायचं, तर इथेच राहायला हवं होतं.

एलोदियाला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे मान्य नव्हतं.

"जिथे हाबा उगवत नाही, तिथे मी मरायलासुद्धा थांबणार नाही," ती म्हणाली. हाबा म्हणजे पावट्याची थोरली बहीण, दाणा अंगठ्याएवढा. ओरुरोत प्रत्येक परसात असते. "बाजारातली नको मला. आपल्या परसातली हवी. जूनमधल्या सान हुआनच्या सणाला ताटात दिसली तर राहीन. नाही दिसली तर दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये. बाळंतपणाला येईन आणि जाईन."

"दिसेल. ढीगभर दिसेल," फोर्तुनातो म्हणाला आणि तडक पुस्तकाच्या दुकानात गेला.

दुकानात नवशिक्यांसाठी बागकामाची दोनच पुस्तकं होती. एक मैदानाचं, एक पठाराचं. दुकानदारीण बाईंनी शहाणपणाने मैदानाचं पुढे केलं. फोर्तुनातोने ते उभ्याउभ्याच चाळलं. केळी, पपया, भेंडी. पुन्हा चाळलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"यात गारठ्याचं प्रकरण कुठाय?"

"इथे गारठा नसतो, काका."

"आणि हाबा?"

"ती इथे होत नाही. म्हणून नाहीये."

"ज्या माणसाला पिकं गारठ्यात जळतात हेही ठाऊक नाही, तो मला शेती शिकवणार? बाई, हा गृहस्थ कधी शेतात गेलाच नसेल." आणि त्याने पठाराचं पुस्तक घेतलं. त्यात गारठ्यावरच चार प्रकरणं होती. याला म्हणतात अभ्यास.

पहिलं प्रकरण सांगत होतं की वाफा कंबरभर खोल खणा, म्हणजे जमिनीची ऊब रोपांना राखते. फोर्तुनातोने खणला. शेजारी त्याचा व्याही रोमुलो राहायचा. मैदानातच जन्मलेला, वाढलेला, हॅमॉकमध्ये पडून दुनियेकडे बघणारा माणूस.

"व्याहीबुवा, कुणाला पुरताय?"

"हाबा लावतोय."

"ती मेल्यावर पुरा की. आधीच कशाला?"

त्याच आठवड्यात पाऊस लागला. पठारावर पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहा घेऊन जातो. इथला जावयासारखा मुक्काम ठोकून बसला. खड्ड्याचं तळं झालं. तळ्यात बेडूक आले, बेडकांमागे रोमुलोची बदकं आली, आणि बदकांना परत न्यायला म्हणून रोमुलो खुर्ची घेऊनच येऊन बसला.

"झकास जागा केलीत. मासे कधी सोडताय?"

मार्लेनी पोटावर हात ठेवून कळवळली. "बाबा, ते दुसरं पुस्तक आणा ना. आई खरंच जाईल हो."

"पुस्तक बरोबर आहे. पाऊस चुकलाय," बाबा म्हणाले.

खड्ड्याची माती बाजूला पडून तिची छोटी टेकडी झाली होती. फोर्तुनातोने तिच्यावर बी टोचलं. पुढचं प्रकरण उघडलं, बियांभोवती ऊन धरून ठेवणारे काळे दगड मांडले आणि वर लामा नावाच्या पठारी जनावराच्या लोकरीची घोंगडी पांघरली. भर मार्चमध्ये. तिसऱ्या दिवशी घोंगडी उचलली तर खालून वाफ आली.

"शिजल्या वाटतं," रोमुलो हुंगत म्हणाला. "मीठ आणू?"

एलोदियाने घोंगडी हिसकावून घेतली, झटकली आणि पेटीच्या तळाशी घातली. तिने पेटी भरायला घेतलीय हे फोर्तुनातोला तेव्हा दिसलं. त्याने लगेच पुन्हा बी टोचलं. या खेपेला पांघरूण नव्हतं, दगड तेवढे राहिले. एप्रिलमध्ये रोपं उठली. मेमध्ये काळ्या ठिपक्यांची पांढरी फुलं आली. तो रोज पहाटे टेकडीपाशी उकिडवा बसून त्यांच्याशी बोलायचा. रोमुलोने गावभर सांगितलं की व्याह्यांच्या डोक्यात ऊन गेलंय.

आणि सान हुआनच्या आठवड्यात सुरासो सुटला.

सुरासो म्हणजे दक्षिणेचा वारा. तो दर हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत येतो, पण या वर्षी पिसाळल्यासारखा आला. बोचरी झड, आभाळ राखेच्या रंगाचं, गावातली माणसं चादरी लपेटून दारं लावून बसलेली. रोमुलोचे टोमॅटो काळे पडले. काकडीच्या वेलाने मान टाकली. पपईची पानं फडक्यांसारखी लोंबायला लागली.

फोर्तुनातो छाती काढून उभा होता. "प्रकरण दुसरं," तो पुस्तक उंच धरून ओरडला. "घोंगडी आणा!"

एलोदिया आधीच निघाली होती. तिने पेटी उपसून सगळी घोंगडी काढली आणि स्वतःच्या हाताने एकेका रोपावर पांघरली. तिचे गाल लाल झाले होते. किती दिवसांनी तिला नीट थंडी वाजत होती.

सणाच्या सकाळी घोंगडी काढली, तर सगळ्या परसांत फक्त एक टेकडी हिरवीगार होती. तिच्यावर शेंगा होत्या. फोर्तुनातोने त्या खुडून टोपलीत घातल्या, टोपली बायकोच्या हातात दिली आणि तिला घेऊन गल्लीतून तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला लोकांनी आपणहून टोप्या काढल्या.

दुपारी सगळे जेवायला बसले. ताटात उकडलेल्या हाबांचा ढीग, चीज, बटाटे. रोमुलोने तीनदा वाढून घेतलं.

"व्याहीबुवा, हरलो. असली चव जन्मात घेतली नव्हती. ते पुस्तक मला द्या."

"विहीणबाई राहणार ना?" कुणीतरी विचारलं.

"राहणार," एलोदिया म्हणाली. "कुठे जातेय?"

मार्लेनी रडायलाच लागली. फोर्तुनातो इतका फुगला की खुर्ची करकरली. तो भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेला, बायकोमागे.

"बघितलंस? आणि टोपलीत जरा कमी वाटत होत्या. उकडल्यावर फुगतात वाटतं."

एलोदियाने शालीचं टोक तोंडाला लावलं.

"फुगत नाहीत, म्हाताऱ्या. एक शिजली का बघावी म्हणून तोंडात टाकली. मग दुसरी टाकली. अगदी आपल्या घरच्यासारख्या लागल्या रे. चुलीपाशी उभ्याउभ्याच सगळ्या संपवल्या मी. मग शाल गुंडाळली आणि बाजारात पळाले. बाहेर वाढल्यात त्या तिथल्या."

तिच्या हनुवटीला अजून एक साल चिकटलेली होती. ती फोर्तुनातोने बोटाने काढली, भांडं भरून घेतलं, बाहेर जाऊन रोमुलोशेजारी ऐटीत बसला आणि म्हणाला,

"घ्या व्याहीबुवा, लाजू नका. घरच्याच आहेत."