बावड्यातल्या सर्व्हरचा खून

मृत्युंजय हिरेमठ स्वतःची ओळख करून देताना खुर्चीत बसत नसत. उभं राहून, भिंतीकडे पाहत ते सांगत, "या जिल्ह्यात गुन्हा करणारा आधी माझा विचार करतोय. मगच करतोय." एरवी ते राजारामपुरीत विम्याच्या पॉलिसी विकत. त्यांचा मेहुणा सोमेश कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात त्यांचा सहायक असायचा. तेही बहिणीच्या शब्दाखातर. विद्याश्री म्हणाली होती, "जा रे त्यांच्यासंगं. एकटे गेले की मार खाऊन येतात."

२००९च्या उन्हाळ्यात जो खून झाला, तो सोमेशनं स्वतःच्या हातानं जन्माला घातलेल्या सर्व्हरचा.

कसबा बावड्यातला वृषभ चौगुले लग्नाचे फोटो काढायचा. सीडींनी कपाट भरलं तेव्हा त्यानं सोमेशला सांगितलं, सगळे फोटो एका जागी राहतील असं यंत्र बनव. दिवसरात्र चालू राहिलं पाहिजे आणि लाईट गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर टिकलं पाहिजे. सोमेशनं खूप डोकं लावलं. मोठा प्रोसेसर घ्यावा, तर इन्व्हर्टर लगेच मान टाकणार. शेवटी त्यानं वीतभर लांबीचा एक बोर्ड मागवला. प्रोसेसर त्यावरच बसवलेला आणि इतका थंड, की पंख्याची गरज नाही. हार्ड डिस्कही कमी वेगाच्या, कमी खाणाऱ्या. पुढचा हिरवा दिवासुद्धा त्यानं काढून टाकला, तेवढीच वीज वाचेल म्हणून. यंत्र चालू आहे का, हे कळायला कान टेकवावा लागे. सोमेश जाता-येता टेकवायचाही, आणि त्याला फार बरं वाटायचं.

तर हा सर्व्हर रोज बंद पडू लागला. वृषभ पुढच्या खोलीतून फोटो पाठवायचा आणि अर्ध्यातच सगळं गायब. रविवारी निपाणीची माणसं मुलीच्या लग्नाचे फोटो निवडायला येणार होती. "फोटो हाईत न्हवं?" असा त्यांचा फोन आला, की "हाईत की" म्हणताना वृषभला घाम फुटे.

सोमेश हे घरी बोलला आणि तिथंच चुकला. दाजींनी टोपी चढवली.

मधल्या खोलीत, कपाटाशेजारी ठेवलेल्या सर्व्हरवर त्यांनी हात ठेवला. "प्रेत थंड हाय."

"चालू असतानाबी थंडच असतंय, दाजी. त्यासाठीच तर हा बोर्ड..."

"बचाव पक्षानं गप बसावं. ही उपासमार हाय, सोमेश. तू वॅट कमी करत बसलास आणि वाट लावलीस."

सोमेशला ते लागलं, कारण त्यालाही मनातून तीच भीती होती. त्यानं मुकाट्यानं जास्त ताकदीचा पॉवर सप्लाय आणून बसवला. सर्व्हर पोटभर जेवून पुन्हा मेला.

मग दाजींना कपाटाखाली केस सापडले आणि त्यांनी मांजरावर संशय घेतला. केस वृषभच्या लेन्स पुसायच्या ब्रशचे निघाले. त्यानंतर पन्हाळ्याचा एक फोटोग्राफर वायरमधून घातपात करतोय, असं ठरलं. दाजी वायर धरून गच्चीवर चढले आणि ती उपटली. शेजारच्या धोंडुबाईंची मालिका ऐन रंगात बंद पडली. त्या वर येऊन जे बोलल्या, ते दाजींनी तपासात नोंदवलं नाही.

शनिवारी दुपारी वृषभनं पुन्हा फोटो पाठवायला घेतले. दाजी सर्व्हरसमोर स्टूल टाकून बसले.

"आता मुंगी जरी फिरकली, तरी माझ्या नजरेतनं सुटायची न्हाय."

वृषभची आई त्रिशलाकाकू कपबशा घेऊन आल्या. "पावणं, जरा पाय घ्या."

दाजींनी पाय घेतले. काकू वाकल्या, सरळ झाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

"गेलं रं, पुन्हा गेलं," पुढून वृषभ म्हणाला.

"बघितलंस?" दाजी कुजबुजले. "माझ्या डोळ्यांदेखत. आणि खोलीत कोण आलंबी न्हाय."

सोमेश स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. "काकू, आत्ता वाकून काय केलासा?"

"तुझं ते डबडं चालू केलं की. कधीबी बघावं तर बंद. आवाज न्हाय, दिवा न्हाय. वृषभ विसरत असंल म्हणून जाता-येता मीच बटण दाबते."

"आणि दाबल्यावर चालू झालं, हे कसं कळतंय?"

"न्हाय की कळत," काकू म्हणाल्या. "म्हणून तर परत येऊन दाबते."

सोमेश खालीच बसला. काकूंनी त्याला पाणी दिलं आणि मिक्सरकडे बोट दाखवलं. "ह्याच्याकडं बघ. चालू असला की गल्लीला कळतंय. मशीन असं पाहिजे."

वृषभचंही तेच म्हणणं पडलं. संध्याकाळी सोमेशनं दिवा परत लावला आणि जड मनानं एक जुना पंखा बसवला. त्या पंख्याला आत गार करण्यासारखं काहीच नव्हतं, त्यामुळे तो नुसताच घरघरत राहिला. काकू समाधानानं म्हणाल्या, "आता जीव आल्यागत वाटतंय."

रविवारी निपाणीची माणसं आली, फोटो पाहून नवरीच्या आईचे डोळे भरून आले. दाजींनी बाहेरच्या ओट्यावर नवरीच्या मामांना खुनाचा उलगडा सविस्तर सांगितला. त्यात पन्हाळ्याचा फोटोग्राफर होताच.

परतताना सोमेश गाडी चालवत होता. शुगर मिल मागं पडली, तसे मागं बसलेले दाजी पुढं सरकले. मग ते त्याच्या कानाशी वाकले.

"सोमेश, घरी विद्याला सांगू नकोस. पण सर्व्हर म्हंजे नेमकं काय असतंय रं?"

सोमेशनं बोर्ड, प्रोसेसर, डिस्क असं सगळं मनाशी जुळवलं आणि सोडून दिलं.

"कपाट, दाजी."

"मग?" दाजी मागं टेकले. "मला पहिल्यापासनं कपाटावरच संशय होता."