नामदेवभाऊंची काख

आमच्या शेजारचे नामदेवभाऊ गल्लीत शिरायच्या आधी त्यांच्या काखेचा वास शिरायचा. मी लगबगीनं वरण झाकायची. त्यांची आंधळी माय मात्र ओट्यावर खुलायची, "आला माह्या नामा."

भाऊ बालाघाट-लांजी बसवर कंडक्टर. त्यांनी वरच्या दांडीला हात घातला की खालची सीट रिकामी. तुरटी झाली, लिंबू झालं. शेवटी मालकानं सुनावलं, "इलाज कराओ, नहीं तो घर बैठो."

मग काय, भेटेल त्याच्यापुढे हात वर. "वहिनी, मेडिकल गोष्ट आहे ही. एक, काखेची कातडीच कापून काढा, पन मंग हात वर करतानी ओढते. दोन, बारीक चीर देऊन आतल्या घामाच्या गाठी खरडा. नाही तं नळीनं ओढून घ्या. छातीतली नस बी कापतेत, पन मंग घाम पाठीतून फुटते."

"भाऊ, मी भाजी चिरून राह्यली," म्हटलं.

नागपूरला जाऊन त्यांनी गाठी खरडून घेतल्या. टाके निघेस्तोवर तिथंच बहिणीकडे राहिले. परतले ते दिवेलागणीला. दारातूनच म्हणाले, "माय, मी आलो."

आमच्याकडे त्या वेळी चकवा ओळखीच्या आवाजात हाक मारतो म्हणतात. मी मायजवळच बसले होते. तिनं ओ दिली नाही. भाऊंनी तिचा हात आपल्या तोंडावर फिरवला. नाक, कान, हनुवटीवरचा व्रण, सगळं तिनं चाचपलं आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"सुमन, समदं हुबेहूब बनवलं हाय यानं. पन हा नामा नोहोय."

तेव्हापासून ती उशाशी विळा घेऊन निजते. भाऊंच्या हातचं पाणी पीत नाही. मी भरवते, भाऊ कोपऱ्यात मुके बसतात, कारण आवाज ऐकला की ती थरथरते. घास गिळता गिळता विचारते, "माह्या नामाले यानं मारून तं नाही टाकलं?" नामा ऐकत असतो.

डॉक्टरांनी म्हणे बजावलं होतं, एखादी गाठ राहिली तर वास थोडा परत येऊ शकतो. आता भाऊ रोज अंघोळ टाळतात. काल मला अंगणात गाठून त्यांनी हात वर केला.

"वहिनी, खरं सांगा. थोडासा तरी येऊन राह्यला का?"

मी जवळ जाऊन हुंगलं. काही नव्हतं.

"हौ," म्हटलं, "येते थोडा."

भाऊंचे डोळे भरून आले. हात तसाच वर धरून ते उभे राहिले. आतून माय हळूच विचारत होती, "सुमन, गेला का वं तो?"