ठाकूरद्वारचं ऊन

चिंतामणी प्रधान रोज सकाळी सहा वाजता ठाकूरद्वारच्या आपल्या गॅलरीत उभे राहून देवगडच्या आंब्यावर फवारणी करत. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात मोबाइल आणि आवाज असा, की समोरच्या इमारतीतल्या लोकांनाही औषधाचं प्रमाण तोंडपाठ झालं होतं.

बँकेतून निवृत्त होताना त्यांनी देवगडकडे चाळीस कलमांची छोटी बाग घेतली होती. ती सुचवली त्यांच्याच शाखेतल्या कुशाबाने. कुशाबा आधी परळच्या गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर बँकेत शिपाई म्हणून लागला आणि शेवटी गावी परतला. बाग त्याच्या घराला लागूनच होती. तो आणि त्याची बायको गंगुबाई बाग राखत आणि प्रधान मे महिन्यात जाऊन आंबे खात, अशी कामाची सरळ वाटणी होती. तीन वर्षांपूर्वी कुशाबा गेला आणि प्रधानांच्या अंगात एकदम बागायतदार शिरला.

"बाई एकटी पडली," ते सुनंदाबाईंना म्हणाले. "आता बागेकडे मलाच बघायला हवं."

"म्हणजे गावी जाऊन राहणार?" सुनंदाबाईंनी जरा जास्तच आशेने विचारलं.

"छे! हल्ली सगळं फोनवर होतं."

तेव्हापासून रोज सकाळचा फोन सुरू झाला. या वर्षी त्यात भर पडली. मुलीने, मधुराने, वाढदिवसाला नवा मोबाइल दिला आणि त्यात हवामानाचं अ‍ॅप निघालं. उघडलं की तापमान, वारा, ढग, दमटपणा, सगळं समोर हजर. प्रधानांनी तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासले होते. एवढी माहिती हाती आल्यावर हुकूम न सोडता राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"गंगुबाई, आज धुकं आहे. समुद्र दिसत नसेल तुम्हाला. मोहोर सांभाळा!"

पलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग, "होय सायबानू."

फेब्रुवारीत एकदम ऊन चढलं. "छत्तीस! गंगुबाई, झाडांना पाणी घाला, भरपूर घाला!"

"होय सायबानू."

मार्चमध्ये ढग आले. "तुडतुड्यांची कीड पडेल. आजच्या आज फवारणी!"

"होय सायबानू."

बाईचं हे 'होय' ऐकलं, की प्रधानांचा चहा गोड लागे. तीस वर्षांत बँकेत त्यांचं एवढं कोणी ऐकलं नव्हतं, आणि घरात ऐकण्याचा प्रश्नच नव्हता.

हळूहळू ठाकूरद्वारची सगळी वाडी बागायतीत ओढली गेली. दूधवाला "आज मोहोर कसा आहे?" म्हणून विचारू लागला. तळमजल्यावरच्या एका काकूंनी प्रधानांचा इशारा ऐकून आपल्या कढीपत्त्याच्या कुंडीवर रात्रीची चादर घालायला सुरुवात केली. त्यातच मार्चअखेर गंगुबाईच्या पुतण्याने बागेचे फोटो पाठवले. झाडं लगडली होती. एकेका फळाला कागदाची पिशवी घातलेली, जणू सगळी बाग शाळेत डबा घेऊन निघाली होती. भोवतालच्या बागांमधला मोहोर उन्हाने आणि मग परत आलेल्या थंडीने गळाला होता, पण प्रधानांच्या बागेला त्याचा धक्का लागला नव्हता.

हे फोटो वाडीच्या ग्रुपवर गेले आणि देवदत्त कीर्तिकर वर आले. देवदत्त वाडीच्या समितीचे अध्यक्ष. वाडीला यंदा शंभर वर्षं पुरी होत होती आणि अक्षय्य तृतीयेला तीनशे पानांचं आमरस-पुरीचं जेवण ठरलं होतं.

"प्रधान, आंबे कुणाकडून घ्यायचे, यावर समितीत तीन बैठका झाल्या," देवदत्त म्हणाले. "तुमच्या घरात बाग असताना आम्ही बाजारात कशाला जायचं?"

"आंबे माझ्याकडून, वाडीला भेट!" प्रधान म्हणाले. "चौदा पेट्या. आणि त्या दिवशी पिकलेला असेल प्रत्येक आंबा. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही. शब्द देतो."

"मग त्या दिवशी तुमचा सत्कार. आणि छोटंसं भाषण. विषय, 'घरबसल्या बागायत'."

सुनंदाबाईंनी स्वयंपाकघरातून फक्त एक भांडं जरा जोरात ठेवलं.

अक्षय्य तृतीया बुधवारी होती; तो वार आणि चौदा पेट्या प्रधानांनी गंगुबाईंना फोनवर कळवल्याच होत्या. त्याच्या आदल्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी प्रधानांनी अ‍ॅप उघडलं आणि चहा अर्धाच सोडला. गुरुवारी विजांसह पाऊस! एप्रिलच्या पावसाने आंब्यावर डाग पडतात, फळ सडतं, एवढं त्यांना माहीत होतं.

"गंगुबाई! गुरुवारी पाऊस आहे! सगळा आंबा आजच उतरवा!"

पलीकडे कागद फडफडल्यासारखा आवाज आला. "होय सायबानू."

संध्याकाळी मधुरा माहेरी आली. बाबांचा फोन हातात घेऊन ती बघत होती. तिने भुवया उंचावल्या. "बाबा, तुम्ही बागेसाठी हे बघता?"

"रोज. का?"

"अहो, हे इथलं आहे. वर लिहिलंय बघा, गिरगाव. फोन जिथे असतो तिथलं हवामान दाखवतो तो. तुम्ही देवगड टाकलंच नाही."

प्रधानांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. गिरगावच होतं. त्यांना जानेवारीपासूनचं सगळं आठवू लागलं. धुकं गिरगावचं. छत्तीस गिरगावचे. ढगही ठाकूरद्वारचे. मधुराने देवगडचं हवामान लावून दिलं. तिथे गुरुवारी स्वच्छ ऊन होतं.

"म्हणजे चार महिने तुम्ही ठाकूरद्वारला आंबा पिकवत होतात," सुनंदाबाई म्हणाल्या. "इथे चौकात चार कलमं लावली असतीत, तर भरघोस आला असता."

पण प्रधानांना हसू येईना. कोवळा आंबा आज उतरवला असेल, तर तो पिकत नाही, सुरकुततो. त्यांनी लगेच गंगुबाईंना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेर. पुतण्याचाही लागेना. गावचा टॉवरच बसला होता. सोमवारी तेच, मंगळवारी तेच. तीनशे माणसांच्या पानात सुरकुतलेल्या कैऱ्या, असं चित्र डोळ्यांसमोर घेऊन प्रधान गॅलरीत येरझाऱ्या घालू लागले. खालून देवदत्त विचारत, "प्रधान, पेट्या कधी येतायत?" आणि प्रधान मान अशी हलवत, की तिचा काहीही अर्थ लागावा.

जेवणाला अजून आठवडा होता, पण त्या बुधवारी देवदत्त वरच आले. "हे बघा, अडचण असेल तर स्पष्ट सांगा. डब्याचा रस मागवून ठेवतो."

"डब्याचा?" प्रधानांचा आवाज चिरका झाला. "शंभर वर्षांच्या वाडीला डब्याचा रस? देवदत्त, मी शब्द दिलाय."

"शब्द पुरीबरोबर खाता येत नाही हो," देवदत्त म्हणाले. हे मात्र खरं होतं.

गुरुवारी सकाळी गिरगावात पावसाचे चार थेंब पडले. अ‍ॅप अगदी बरोबर निघालं याचंच प्रधानांना जास्त वाईट वाटलं. त्याच थेंबांत वाडीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. ड्रायव्हरच्या शेजारून गंगुबाई उतरल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून पेंढ्याची एक काडी काढून दातात धरली आणि चौदा पेट्या एकेक करून वर चढवून घेतल्या.

प्रधानांनी पहिली पेटी उघडली. आंबे हिरवेगार आणि दगडासारखे टणक. पण खांद्याला भरलेले होते, देठ शाबूत होता आणि कातडीवर एक डाग नव्हता.

"हे रविवारचे?" त्यांनी विचारलं.

"नाय. कालचे."

प्रधान खुर्चीत बसले. मग माणसाने एकदाचं मन मोकळं करावं तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं. "गंगुबाई, मी अक्षम्य चूक केली. चार महिने मी तुम्हाला या गॅलरीचं हवामान सांगत होतो."

"माका ठावक होता," गंगुबाई पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापास्ना. तुमी म्हनाल्यात धुका पडला, समुद्र दिसत नाय. थंय माझ्या म्होरं समुद्र चकचकत होतो."

"मग मी पाणी घालायला सांगितलं तेव्हा?"

"मोहोर असताना पाणी घातला तर पालवी फुटता. मोहोर जाता. मग आंबो खंयचो? मी थांबलंय. वाटाण्याएवढी कैरी धरली, तेवा घातलंय."

"आणि फवारणी?"

"त्या दिसा वारो केवढो होतो! फवारला असता, तर सगळा शेजाऱ्याच्या काजूंवर. वारो पडलो, तेवा केलंय."

"पण तुम्ही तर दर वेळी होय म्हणालात!"

"होय म्हटलंय," गंगुबाई शांतपणे म्हणाल्या. "करतंय खंय म्हटलंय?"

सुनंदाबाईंना ठसका लागला. त्या आत जाऊन हसून आल्या.

प्रधान थक्क झाले होते. या बाईने एकटीने, कुठलं अ‍ॅप न बघता, पानावरचं दव आणि अंगाला लागणारा वारा यांच्यावर चाळीस कलमं राखली होती. वसंतात दिवसा तापवून रात्री गारठवणाऱ्या त्या हवेशी तिने घासाघीस करून एकेक फळ पदरात पाडून घेतलं होतं. आणि वर रोज सकाळी सहा वाजता त्यांचं भाषणही ऐकून घेतलं होतं. त्यांना मनापासून उठून नमस्कार करावासा वाटला, आणि त्यांनी तो केला.

"अगो बाय! काय करतास सायबानू!" गंगुबाई मागे सरल्या.

"मग माझा फोन तुम्ही उचलत तरी का होतात?"

गंगुबाईंनी पिशवीतून घडी घातलेलं कॅलेंडर काढलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात एकेक आकडा होता. बत्तीस. चौतीस. छत्तीस.

"आंबो झाडार तयार होता, पण पिकता तुमच्याकडे. हय ऊन किती, ता माका थंय बसान कसा कळतला? तुमी रोज सांगीत होतात, मी लिवन ठेवलंय. मुंबय थंड असली, तर आंबो धा दिवस घेता. ह्या वर्षी तुमचा ऊन जास्ती. म्हनान चौदा आणे भरलो, दोन आणे कच्चो, तेवाच काढलंय, सहा दिवस ठेवन. रविवारी काढलो असतो, तर कोवळो तो, बुधवारपर्यंत सुरकुतलो असतो." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आनि ह्ये गेल्यापास्ना सकाळी सहाक घरात कोन बोलूक नाय. तुमचो फोन येय. बरा वाटा."

प्रधानांनी कॅलेंडर हातात घेऊन एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा पुसला.

पुढचे सहा दिवस प्रधानांचं घर गंगुबाईंच्या ताब्यात होतं. बेडरूममध्ये पेंढा पसरून अढी घातली. प्रधान पती-पत्नी हॉलमध्ये झोपली. देवदत्त दिवसातून दोनदा येऊन हिरवे आंबे बघत आणि डब्याच्या रसाचा फोन नंबर खिशातून काढत. "बाई, जरा पिकवायची पावडर टाकली तर?" एकदा त्यांनी दबकत विचारलं. गंगुबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते दोन दिवस जिन्यावर फिरकले नाहीत. ऊन वाढलं की गंगुबाई खिडकीकडच्या आंब्यांची जागा बदलत, संध्याकाळी एकेक फळ नाकाशी धरत आणि पुन्हा पेंढ्यात ठेवत. सोमवारी आंब्यांना पिवळी कड आली. मंगळवारी संध्याकाळी वास जिन्यातून खाली उतरला आणि वाडीतली माणसं आपापल्या दारांत येऊन उभी राहिली.

बुधवारी रस असा झाला, की तीनशे पानांचा अंदाज चुकला. माणसं तेवढीच होती, पुऱ्या मात्र दोनदा तळाव्या लागल्या. देवदत्तांनी चौथी वाटी घेताना डब्यांबद्दल एक शब्द काढला नाही.

मग सत्कार. प्रधानांच्या खांद्यावर शाल पडली. हातात माइक आला. विषय, 'घरबसल्या बागायत'.

"घरबसल्या बागायत होत नाही," प्रधान म्हणाले. "ती होते, असं चार महिने मला वाटत होतं, कारण कोणीतरी तिथे बागेत उभं होतं." त्यांनी सगळी हकीकत सांगितली, धुक्यापासून कॅलेंडरपर्यंत, स्वतःची एकही फजिती न लपवता. मग शाल काढून त्यांनी ती पहिल्या रांगेतल्या गंगुबाईंच्या खांद्यावर घातली. वाडी उभी राहिली. तळमजल्यावरच्या काकूंनी तर डोळे पुसले, आणि त्या रात्री कढीपत्त्यावर चादर घातली नाही.

दुसऱ्या दिवशी गंगुबाई गावी परतल्या. शुक्रवारी सकाळी सहा वाजता प्रधान चहा घेऊन गॅलरीत आले. फोन त्यांनी मुद्दाम आत ठेवला होता. आता कुणाला काय सांगायचं? तेवढ्यात आत फोन वाजला. सुनंदाबाईंनी तो आणून दिला.

"सायबानू," पलीकडून गंगुबाईंचा आवाज आला, "आज फोन नाय केल्यात तो? दुसरो तोडो काढूचो असा. आज थंय किती?"

प्रधानांनी कप कठड्यावर ठेवला. अ‍ॅप उघडलं, वर गिरगाव लिहिलंय याची खात्री केली, शिवाय हात बाहेर काढून ऊनही चाचपून पाहिलं.

"पस्तीस!" ते ओरडले. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. "आणि गंगुबाई, पश्चिमेकडे जरा ढग दिसतायत. मला वाटतं तुम्ही आज…"

"ढगांचा माका बघूदे," गंगुबाई म्हणाल्या. "तुमी फकस्त ऊन सांगा."

"होय गंगुबाई," प्रधान म्हणाले.