कानापर्यंतचं माप

माणिककाकांनी सायकलीच्या मापासाठी शिंपी बोलावला, त्या दिवशी मानवतला कापसाचा लिलाव अर्धा तास थांबला होता. मी गोष्टी वाढवून सांगतो असा माझ्यावर जुना आरोप आहे, म्हणून खरं तेवढंच सांगतो. अर्धा नव्हे, पाऊण तास.

काका ओट्यावर दोन्ही हात पसरून उभे होते. माणूस उंच म्हणजे किती? गल्लीतल्या विजेच्या तारेवर कावळा बसला तर काका त्याला नुसत्या फुंकरीनं उडवायचे. शंकर शिंपी स्टुलावर चढून खांद्याचं माप घेत होता आणि खाली निम्मं मानवत तोंड उघडं टाकून बघत होतं.

"काका, खिसे किती ठेवायचे?" शंकरनं विचारलं.

"सायकलीला खिसा आसतो का रं?"

"न्हाई, शिवायचीच हाय तर इचारून घ्यावं म्हणलं."

काका हसले नाहीत. हाताची लांबी झाली, पाठ झाली, मांडीपासून टाचेपर्यंत पाय झाला. मग काकांनी घरात बघून हाक मारली आणि सुंदरकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. काका शंकरला म्हणाले, "आता हिचं घे. हिला बशीव, आन् कंबरंपासून कानापर्यंत घे."

"कानापर्यंत?" शंकरच्या हातातली टेप गळाली. "कानापर्यंत झंपर कोन घालतं हो?"

"तुला काय करायचंय? उजव्या कानापर्यंत घे."

"डाव्याचं येगळं येतं का?"

"ढोबळ बोलू नगंस!" काका असे ओरडले की लिलावातले बैल उधळले.

'ढोबळ' हा काकांच्या लेखी जगातला सर्वांत मोठा गुन्हा. आमची भिंतीला भिंत, त्यामुळे मी हे रोज ऐकत आलो. तुम्ही म्हणालात, "काका, पाच वाजले असतील," की लगेच, "मास्तर, ढोबळ नगा सांगू." बाजारात तयार मिळणारी वस्तू त्यांनी कधी घेतली नाही. "तयार माल म्हंजे दुसऱ्याच्या मापाचा माल," असं त्यांचं म्हणणं. त्यांची बाज त्यांच्या मापाची. चपला मापाच्या. खुरप्याचा दांडा मापाचा. पाणी प्यायचा तांब्यासुद्धा त्यांनी तांबटाला ओंजळ दाखवून घडवून घेतला होता. लग्नसुद्धा मापानं केलं असावं, कारण सुंदरकाकू बरोबर त्यांच्या छातीला लागायच्या.

या काकूंचा डावा कान पार गेलेला, आणि उजवा उतरणीला लागलेला. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की उजवाही आता फार दिवस साथ देणार नाही. कानाचं मशीन आणलं होतं. काकूंनी ते दोन दिवस लावलं आणि "कानात गिरनी चालू हाय" म्हणून डब्यात ठेवून दिलं.

तेव्हा काका काकूंशी ओरडून बोलायचे. त्यांच्या घरात आज वांग्याची भाजी आहे हे काकूंच्या आधी एसटी स्टँडवर कळायचं. त्यांची मुलगी राणीसावरगावला दिलेली. तिला दिवस गेल्याचा निरोप आला तेव्हा काकांनी दार लावून घेतलं, खिडकी लावून घेतली आणि काकूंना ही अगदी आतली गोष्ट सांगितली. काकूंना ती तिसऱ्या खेपेला कळली. तोपर्यंत गल्लीतल्या साती घरच्या बाया साखर घेऊन दारात उभ्या. काकू त्यांच्याकडं बघून नवऱ्याला विचारतायत, "ह्या कामून आल्यात?"

तुम्ही म्हणाल, जवळ जाऊन उजव्या कानात बोलावं की. पण घरात दोन भाऊ, भावजया, पुतणे, सुना. चारचौघांत नवऱ्यानं बायकोच्या कानाशी तोंड न्यायचं म्हणजे आमच्याकडं त्याचा बभ्रा सोनपेठच्या बाजारापर्यंत जातो. शिवाय काकू जागेवर सापडायच्या कुठं? चुलीपासून गोठ्यापर्यंत ती बाई भिंगरीसारखी फिरायची.

एकदा काकांनी भाड्याची सायकल आणून काकूंना मागं कॅरिअरवर बसवून शेतात न्यायचं ठरवलं. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज एसटी चालू तर उद्या बंद, तेव्हा सायकलीला फार भाव होता. वाटेत काकांना काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी सांगितलं. मागून आवाज आला, "ऑं?" काकांनी मान वळवून सांगितलं. "ऑं?" काकांनी पूर्ण वळून सांगितलं. समोरून कापसाची गाडी येत होती. दोघं सायकलीसकट त्या गाडीत असे गडप झाले, की कापूस जिनिंगमध्ये उतरवला तेव्हा कुठं हाती लागले. काकू कापूस झटकत म्हणाल्या, "आता सांगा, काय म्हनत व्हता?" भोवती वीस हमाल उभे. काका म्हणाले, "काय न्हाई."

त्यानंतर काही दिवसांनी शेंगदाण्याची पुडी आली.

पुडीचा कागद कुठल्याशा विलायती मासिकाचा होता आणि त्यावर सायकलीचं चित्र होतं. काका शेंगदाणे रस्त्यावर सांडून कागद घेऊन माझ्याकडं धावत आले. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, आणि माझं इंग्रजी तपासून बघेल असं मानवतमध्ये कोणी नव्हतं. मी वाचून दाखवलं: तिकडं आता कार्बनच्या, म्हणजे कोळशाच्या जातीच्या धाग्याची सायकल निघाली आहे. तिची फ्रेम एका बोटानं उचलते. आणि गिऱ्हाइकाच्या अंगाच्या मापानं ती घडवून देतात.

शेवटचं वाक्य ऐकून काका भिंतीला टेकले. "म्हंजे दुनियेत आनखी शानी मानसं हायत म्हनायची!" थोड्या वेळानं म्हणाले, "कोळशाची हाय, तर काळं लागतं का हो?"

"नसेल लागत."

"ढोबळ नगा सांगू. लुगड्याला लागंल का?"

"काका, लुगड्याचा इथं काय संबंध?"

काका घाईनं उठले. "पुढं काय लिव्हलंय?"

पुढं कागद फाटलेला होता.

लाकडाच्या वखारीतल्या शेटला "तुमच्या कोळशाचा धागा निघंल का?" असं आठवडाभर विचारून झाल्यावर काकांनी कार्बनचा नाद सोडला. मापाचा मात्र सोडला नाही. त्यांनी कापसाच्या बाजारात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "दसऱ्याला माझ्या मापाच्या सायकलीवर शीव वलांडीन. न्हाई जमलं तर ह्या जल्मी सायकलीला टांग मारनार न्हाई." बाजार असा हसला की तराजूचे काटे हलले. शिंपी बोलावला तो याच्या दुसऱ्या दिवशी. मापं शंकरनं खडूनं ओट्याच्या भिंतीवर लिहिली, आणि काकूंनी पुढं दिवाळीला भिंत सारवताना तेवढी जागा सोडून सारवली.

मग फ्रेम पसंत करणं सुरू झालं. काका पिढीजात शेतकरी, त्यांना खरेदीची एकच रीत ठाऊक, बैलबाजारातली. बन्सीच्या सायकलीच्या दुकानात जाऊन ते फ्रेमच्या पाठीवरून हात फिरवायचे. मागं एक थाप मारायचे. खाली बसून पायांत अंतर किती ते बघायचे. मग बन्सीला म्हणायचे, "जरा चालवून दाव." बन्सी सायकल हातात धरून रस्त्याच्या टोकापर्यंत न्यायचा आणि काका मागून डोळे बारीक करून चाल बघायचे.

"मागून लटपटतीया. आन् दांडी लय आखूड. मला दांडी लांब पायजे."

"लांब दांडीचं काय करता काका? वाळवण घालता का?" बन्सी म्हणायचा.

"घालंन न्हाईतर न्हाई. तुजी सायकल माझ्या कामाची न्हाई. हिला गोठ्यात बांध."

शेवटी काका रहीमभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात गेले. रहीमभाई ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडायचे, नांगराचे फाळ सांधायचे. काकांनी पाइप निवडले ते नाण्यानं वाजवून, कानाला लावून, कलिंगडं निवडावीत तसे. रहीमभाईंनी सगळं ऐकून घेतलं. लांब दांडी? हौ. दांडीवर बसायला गादी, तीही जिनिंगमधल्या लांब धाग्याच्या कापसाची? हौ. मग काका म्हणाले, "आन् चेन डाव्या बाजूला."

रहीमभाईंनी डोळ्यांवरची काच वर केली. "काका, चेन सीधे बाजू रैती. अंग्रेज वैसीच बनाके गया."

"अंग्रेजानं माजं माप घेतलं हुतं का?"

"पन कामून डावीकडं?"

"मला तशी पायजे."

बस. यापुढं एक शब्द नाही. ज्या माणसाचा घरातला शब्दन्‌ शब्द गावाला पाठ, त्यानं ही एकच गोष्ट पोटात ठेवली. गावानं आपापली कारणं काढली. कोणी म्हणालं डावखुरे आहेत. कोणी म्हणालं म्हातारपण लागलं. मी स्वतः स्टाफरूममध्ये ठामपणे सांगितलं, की विलायतेत गाड्या कुठं कुठं उजव्या बाजूनं चालतात, त्याचा हा परिणाम.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सायकल झाली. काय सांगू तुम्हाला! एवढी लांब, की पुढचं चाक पानवाल्याच्या दुकानासमोर आणि मागचं अजून रहीमभाईंच्या दारात. काका बसले, दोघांनी धरलं, काकांनी पायडल मारलं. पायडल फिरलं, चाक हललं नाही. जोरात मारलं. पाय पंख्यासारखे गरगरले, पानवाल्याची पानं उडाली, पण सायकल इंचभर पुढं सरकेना.

झालं होतं असं, की चेन डावीकडं घेतल्यामुळं मागचं फ्रीव्हील उलटं बसलं होतं. पुढं पायडल मारलं की ते नुसतं मोकळं फिरायचं. लोक गडाबडा लोळले. बन्सी तर दुकान बंद करून हसायला आला होता.

"चेन सीधे बाजू लगा देता काका, आज के आज," रहीमभाई हळूच म्हणाले.

काका खाली उतरले. सायकलीला हात लावून उभे राहिले. मग घरी गेले, आणि त्या दिवशी आमच्या गल्लीला कळलं नाही की त्यांच्याकडं भाजी कसली आहे. दुसऱ्या दिवशीही नाही. मला तर जेवण जाईना.

तिसऱ्या दिवशी ते रहीमभाईंकडं जाऊन म्हणाले, "ते मोकळं फिरतंय ना? मग त्याला मोकळं ठिऊच नगा."

रहीमभाईंनी फ्रीव्हील चाकाला वेल्डिंगनं कायमचं जखडून टाकलं. "अब चलेगी. पन काका, चाक चालू म्हंजे पाव चालू. उतारपर भी पाव थांबनार न्हाईत."

"न्हाई तर न्हाई थांबनार," काका म्हणाले. "मला कुटं थांबायचंय?"

दसऱ्याच्या दुपारी अख्खी गल्ली ओट्यावर. काका नवं धोतर नेसून आले, लांबलचक सायकल धरून उभे राहिले आणि ओरडले, "अगं ये! बस!" काकू हिरवं लुगडं नेसून आल्या आणि मागच्या कॅरिअरकडं वळल्या.

"मागं न्हाई! फुडं! दांडीवर!"

बायांनी तोंडाला पदर लावले. या वयात, दांडीवर! काकू लाजून अर्ध्या झाल्या, पण गादीवर चढल्या, आणि सगळ्या बाया बसतात तशा डावीकडं पाय सोडून बसायला लागल्या.

"उजवीकडं! पाय उजवीकडं सोड! तिकडं चेन न्हाई, लुगडं आडकनार न्हाई!"

काकू उजवीकडं पाय सोडून बसल्या. आणि मी ओट्यावर बसल्या बसल्या तोंडातली सुपारी गिळली. डावीकडं पाय सोडून बसलेल्या बाईचा डावा कान चालवणाऱ्याच्या तोंडाशी येतो. काकू आता उलट्या बसल्या होत्या. त्यांचा उजवा कान, तो उतरणीला लागलेला एकुलता एक कान, शंकर शिंप्यानं टेपनं मोजलेल्या उंचीवर, काकांच्या ओठांपासून चार बोटांवर आला होता. ढोबळ काहीही नव्हतं.

सायकल निघाली. मी आपट्याची पानं आणायच्या निमित्तानं मागं पळालो. कारण काहीही सांगा, मला ऐकायचं होतं. शिवेच्या मारुतीपर्यंत काका सवयीनं ओरडतच होते, "नीट बसलीस का? टोचत तर न्हाई ना?"

तेव्हा काकू म्हणाल्या, "अवो, कशाला वरडायलाव? ऐकू यायलंय की मला."

काकांचं ओरडणं थांबलं. शीव ओलांडली. पुढं ओढ्याकडं जाणारा उतार लागला आणि सायकल पळायला लागली. काकांचे पाय थांबता थांबेनात, धोतर फडफडतंय, गुडघे हँडलच्याही वर येतायत, आणि वर मान मात्र स्थिर, काकूंच्या खांद्याशी वाकलेली. ओठ हलत होते. भरभर हलत होते, सगळं साचलेलं एकदमच सांगायचं असावं तसे. रस्त्यावरचे लोक बघत होते, पण बोलणार कोण? नवऱ्यानं काही बायकोच्या कानाशी तोंड नेलं नव्हतं. सायकलीनंच नेलं, त्याला माणिककाका काय करणार?

काकू एकदा मोठ्यानं हसल्या. तेवढंच मला ऐकू आलं.

मी जिवाच्या आकांतानं पळत होतो. कान टवकारले होते, आणि माझे कान अख्ख्या मानवतात नावाजलेले. पण त्या माणसाच्या तोंडचा एक शब्दसुद्धा मला कळला नाही. ओढ्याशी मी दम लागून थांबलो. सायकल पलीकडचा चढ चढत होती, काकांचे पाय फिरत होते आणि ओठही.