गाडी मागं येतिया!

आधीच सांगून टाकते, टिपर या विषयावर माझ्याइतकं वाचलेली बाई कोल्हापूर जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही! खाणीत आणि बांधकामावर टिपर सुरक्षित कसा चालवावा, एवढ्या एकाच गोष्टीवरचं एकशे बेचाळीस पानांचं पुस्तक मी दोनदा वाचलं आहे. दुसऱ्यांदा तर पेन्सिल घेऊन! मागचा मालाचा हौदा उचलताना जमीन सपाट हवी, वर विजेच्या तारा नकोत, मागे माणूस नको, हौदा वर असताना गाडी पळवायची नाही. मला झोपेतून उठवून विचारा, पान क्रमांकासह सांगेन. फक्त चालवायला सांगू नका. मी अजून स्कूटरसुद्धा पाय टेकवून थांबवते.

शाहूपुरीतल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. टिपर आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे वडील, जोतीराम. ते गेले त्याला साडेचार महिने झाले. मागे राहिलो आई, मी, दहा चाकांचा पिवळा टिपर आणि मीरासाबमामा. मामा एकवीस वर्षं आप्पांबरोबर होते. आधी दोघं आळीपाळीने चालवत. मग आप्पांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हापासून मामा टिपर चालवत आणि आप्पा शेजारच्या सीटवर बसून मामांना चालवत.

पन्हाळ्याच्या रस्त्याला एक मोठी जागा मुरूम टाकून सपाट करायचं काम चालू आहे. आमचा टिपर तिथे असतो. गेल्या महिन्यात त्या साइटवर सम्राट नावाचे एक तरुण सुरक्षा अधिकारी आले. हेल्मेट इतकं नवं की त्यावरचा प्लास्टिकचा कागद अजून निघालेला नव्हता! आल्या आल्या त्यांनी सगळ्या गाडीवाल्यांच्या हातात एकेक कागद ठेवला. आमच्या कागदावर लिहिलं होतं, शुक्रवारी सकाळी तपासणी. नापास गाडीला शनिवारपासून साइटवर प्रवेश नाही.

आणि टिपर घरी बसला तर विकायचा, हे आईने ठरवून टाकलं होतं. "दारात नुसता उभा ऱ्हायलेला मला बघवणार न्हाय," एवढंच ती म्हणाली. घेणारा माणूस येऊन चाकंसुद्धा दाबून गेला होता, बाजारात वांगी दाबून बघतात तशी!

"मामा, काळजी सोडा," मी म्हटलं. "दहा मिनिटांत पास करून दाखवते. माझं सगळं पुस्तक पाठ आहे."

मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. हे मामांचं बोलणंच असतं, फक्त त्यात शब्द नसतात.

कागदावर एकच ओळ लाल शाईत होती. मागे घेतानाचा हॉर्न नियमानुसार हवा, बोलणारे आणि गाणारे हॉर्न बंद. त्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली नाही.

त्याचं असं आहे. दोन वर्षांपूर्वी आप्पांनी टिपरला एक डबी बसवून घेतली. गाडी रिव्हर्सला टाकली की त्यात भरलेला आवाज वाजतो. लोक त्यात सनई भरतात, आरती भरतात, एखाद्या बाईचा गोड आवाज भरतात. आप्पांनी स्वतःचा भरला. एका दमात, सुरुवातीच्या खोकल्यासकट. "ए पावणं! मागं बघा की! गाडी मागं येतिया! सरा, सरा, सरा!" मग बटण बंद करायचं राहिलं, त्यामुळे शेवटी हळू आवाजात, "मीरासाब, झालं न्हवं?"

ते तसंच राहिलं. टिपर मागे गेला की आप्पा डबीतून विचारायचे, झालं न्हवं? आणि मामा स्टिअरिंगवरून उत्तर द्यायचे, "व्हय अण्णा, झालं." आप्पा शेजारच्या सीटवर बसलेले असतानाही डबीलाच उत्तर! ते गेल्यावरही मामांनी उत्तर देणं सोडलं नव्हतं, असं आईने मला सांगितलं. मी या साडेचार महिन्यांत साइटवर गेले नव्हते. वाचनालयात कामं फार होती.

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. "मामा, इलेक्ट्रिशियनकडून टूं-टूं वाजणारा साधा हॉर्न बसवून घ्या."

"आनि डबी?"

"ती तुमच्याकडेच ठेवा."

टोपी निघाली, परत बसली.

गुरुवारी संध्याकाळी मी मामांना घेऊन टिपर धुवायला नेला. बाहेरून धुतला, टायर चमकवले, आरसे पुसले, आणि हौदासुद्धा आतून फेस करून धुवायला लावला.

"अनुजा, पोरी, हौदा आतनं धू नगं," मामा म्हणाले.

"पान एकोणतीस, मामा! गाडी स्वच्छ असावी!"

यावेळी टोपी दोनदा निघाली. पण पाठांतराच्या भरात माणसाला टोप्या दिसत नाहीत.

शुक्रवारी सकाळी मी नारिंगी जाकीट घालून साइटवर हजर झाले. ते आप्पांच्या मापाचं होतं. माझ्या गुडघ्यापर्यंत येत होतं आणि वारा आला की मी मंडपासारखी फुगत होते. गळ्यात शिट्टी. माझं काम मार्गदर्शकाचं होतं, म्हणजे टिपर मागे येत असताना बाजूला उभं राहून ड्रायव्हरला इशारे करण्याचं. पान अठ्ठावन्न सांगतं की मार्गदर्शक आरशात सतत दिसला पाहिजे. दिसेनासा झाला तर ड्रायव्हरने गाडी जागच्या जागी थांबवायची.

"सुरू करू या?" सम्राट सरांनी पेन उघडलं.

"करा!" मी म्हटलं आणि हात उंचावून मामांना इशारा केला.

मुरमाने भरलेला टिपर मागे यायला लागला. टूं, टूं, टूं! पलीकडे रोलरही टूं-टूं करत होता. पाण्याचा टँकर टूं-टूं करत होता. माती उचलणारं पोकलेनही टूं-टूं करत होतं. आणि आम्ही जिथे मुरूम ओतणार होतो, बरोबर त्याच जागी तानाबाई स्टोव्ह पेटवून, किटली ठेवून, निवांत बसली होती! तानाबाई साइटवर चहा विकते. ती मान वर करेना.

मी शिट्टी फुंकली. मामांनी तत्काळ ब्रेक मारला. शाबास! पण रोलरवाल्यानेही मारला. पोकलेनचा हात हवेत थांबला. टँकरवालाही थांबला, फक्त पाण्याचा कॉक बंद करायला विसरला, त्यामुळे तो उभा राहिला तिथे बघता बघता भाताचं खाचर तयार झालं. माझ्या एका शिट्टीत अख्खी साइट बंद! तानाबाई सोडून.

"तानामावशी, उठा! गाडी मागे येतेय!"

"कुनाची?"

"आमची! टिपर!"

"तुमची कशी ती? जोतीरामअण्णानं हाक कुटं मारलीया अजून?"

मी शिट्टी तोंडातून काढली.

"रोज अण्णाची हाक आली की मी उठतो," तानाबाई पेला विसळत म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतात तशी, उठतो-बसतो करत. "हितं रोलर बी टूंटूं करतंय, टँकर बी टूंटूं करतंय. समद्यास्नीच भ्यायचं म्हटल्यावर च्या कवा करायचा गं बाय?"

सम्राट सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "मॅडम, एक गुण वजा."

"कुणाचा?"

"ते नंतर ठरवतो."

तानाबाईला विनवून उठवलं. टिपर जागेवर आला. जमीन सपाट, वर तारा नाहीत, हौद्याचं मागचं दार, म्हणजे फाळका, मोकळा. मी पुस्तकातल्या चित्रातल्यासारखा इशारा केला आणि मामांनी हौदा उचलला. हौदा वर गेला, आणखी वर गेला, आभाळाला टेकला. मुरूम मात्र हलेना! आत धुतलेला ओला हौदा, त्यात ओलसर मुरूम. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा तो आत बसून राहिला.

सरांनी वर बघितलं. "बाकीचे ड्रायव्हर पुढे-मागे हिसका देऊन पाडतात. द्यायचा का?"

"न्हाय!" "नाही!" मामा आणि मी एकदम ओरडलो.

"पान एकाहत्तर!" मी म्हटलं. "हौदा वर, भार वर, हिसका दिला की गाडी आडवी!"

"अण्णानं हिसका देनाऱ्या एका ड्रायव्हरला भर उन्हात खाली उतरवलंतं," मामा म्हणाले. "परत चढू दिलं न्हाय. घरापतुर चालत गेलं ते."

हौदा खाली घेतला. मग पोकलेनने वरून ओरबाडून मुरूम काढायला सुरुवात केली. माझी दहा मिनिटं केव्हाच संपली होती, आता पन्नास झाली. आप्पा रोज सकाळी रिकाम्या हौद्यात दोन घमेली खडीचा कोरडा चुरा पसरायचे, म्हणजे मुरूम धरून बसत नाही. हे मामांनी मला तेव्हा सांगितलं.

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तू पान नंबर सांगालतीस की."

अर्धा मुरूम उरला तेव्हा मामा म्हणाले, आता पडेल, पण गाडी आणखी मागे घ्यायला पाहिजे. तोपर्यंत टिपरच्या मागे जत्रा भरली होती. साइट बंद, तमाशा फुकट! रोलरवाला, टँकरवाला, चिखलातून पाय उचलत आलेल्या चार कामकरी बायका, त्यांना चहा देणारी तानाबाई. आणि सगळ्यांच्या मधोमध, टिपरच्या अगदी पाठीशी, फाळक्याच्या कडीचा मोबाइलवर फोटो काढत असलेले सुरक्षा अधिकारी!

मामांनी गिअर टाकला. टूं, टूं, टूं. कुणी हललं नाही. मी शिट्टी फुंकली. सकाळपासून मी इतक्या वेळा फुंकली होती की लोकांनी तिला पाखराचा आवाज समजायला सुरुवात केली होती. सर तर कडीच्या आणखी जवळ सरकले. मी दोन्ही हात आडवे केले. मामांनी आरशात ते बघितलं, ब्रेकवर पाय ठेवला, टिपर तसूभरही हलवला नाही. आणि स्टिअरिंगखाली हात घातला.

डबी तुमच्याकडेच ठेवा, असं मीच म्हटलं होतं. मामांनी ती स्वतःकडेच ठेवली होती. वेगळ्या बटणाला जोडून.

आधी खोकला आला.

"ए पावणं! मागं बघा की! गाडी मागं येतिया! सरा, सरा, सरा!"

काय सांगू तुम्हाला! एका श्वासात मैदान मोकळं! बायका डावीकडे, रोलरवाला उजवीकडे, तानाबाई पेटता स्टोव्ह एका हातात आणि किटली दुसऱ्या हातात घेऊन चौखूर! सम्राट सर कुठे जायचं ते न ठरवताच उडाले आणि शेजारच्या चरात गुडघाभर चिखलात उभे राहिले.

आणि मी? मार्गदर्शकाने जागा सोडायची नसते, पान अठ्ठावन्न, मी दोनदा वाचलेलं. मी सरले. लहानपणी आप्पा हाक देत अंगणात टिपर लावायचे तेव्हा सरायची तशी, भिंतीला पाठ लागेपर्यंत. इथे भिंत नव्हती, म्हणून तानाबाईच्या पाठीला पाठ लागली.

"सरले, आप्पा," मी म्हटलं. ते मोठ्याने म्हटलं होतं, हे मला नंतर कळलं.

मग हळू आवाजात, "मीरासाब, झालं न्हवं?"

मी मामांच्या उत्तराची वाट बघत होते. केबिनमधून मामांचा आवाज आला, घाबराघुबरा. "न्हाय अण्णा! अनुजा दिसंना झालीया!"

इंजिन बंद झालं. हातब्रेक ओढला गेला. मामा खाली उतरले, चाकांना ठोकळे लावले आणि टिपरभोवती फिरायला लागले. दहाच्या दहा चाकांशी वाकून वाकून बघत, "अनुजा? ए अनुजा?" मला ओ देता येईना. शेवटी त्यांना तानाबाईच्या मागे नारिंगी जाकीट दिसलं.

"हितं हाईस व्हय! अगं, मार्गदर्शकच पळाल्यावर गाडीनं बघायचं कुनाकडं?" एवढं बोलून त्यांनी टोपी काढली. यावेळी ती लगेच परत घातली नाही, तोंडावरून फिरवली.

तानाबाईने माझ्या हातात चहाचा पेला दिला. मागितला नव्हता.

सर चरातून वर आले. उडीत हेल्मेटवरचा प्लास्टिकचा कागद निघून गेला होता. "हा आवाज कुणाचा आहे?"

तानाबाईने किटली खाली ठेवली. "हिच्या बाचा."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग टिपरकडे. "टूं-टूं ऐकून मीपण नव्हतो हललो," ते कानाची पाळी धरून म्हणाले. मग त्यांनी चिखलाचा कागद मांडीवर पुसला आणि बराच वेळ लिहीत बसले.

कागद माझ्या हातात आला तेव्हा मी तो नेहमीच्या सवयीने वरून खालपर्यंत नीट वाचला.

टिपर, पास. टूं-टूं हॉर्न राहील. बोलणारा हॉर्नही राहील, कारण साइट त्यालाच ओळखते. हौदा आतून धुऊ नये.

चालक, पास. माणूस दिसेना म्हणून इंजिन बंद केलं, उतरून दहाही चाकं पाहिली. उत्तम.

मार्गदर्शक, नापास. जागा सोडली. हॉर्नला उत्तर दिले. पुन्हा प्रशिक्षण आवश्यक. प्रशिक्षक, मीरासाब.

तर सोमवारपासून, वाचनालय उघडायच्या आधी, सकाळी सातला माझं प्रशिक्षण चालू आहे. आई डबा देते, त्यात मामांचीही भाकरी असते. धडा एकच आहे, हाक आली तरी जागा सोडायची नाही. आतापर्यंत अकरा वेळा घेतला, अकराही वेळा सोडली. याबद्दल पुस्तकात काही सापडतं का, म्हणून एकशे बेचाळीस पानं मी काल तिसऱ्यांदा वाचून काढली. काही नाही! लिहिणाऱ्याच्या वडिलांचा टिपर नसावा.