एकावन्न टक्के

"एकावन्न," बायको कुजबुजली. "अगदी काठावर. आता कुणी जोरात शिंकायचंसुद्धा नाही."

वसाहतीचा नियमच तसा होता. निम्म्याहून जास्त बांधकाम जुन्या, आधी कुठेतरी वापरलेल्या सामानाचं असेल, तरच राहायचा दाखला. भाड्याचं घर उद्या सोडायचं होतं, त्यामुळे नवरा सकाळपासून येरझाऱ्या घालत होता. तपासनीस बाई मात्र निवांतपणे जुन्या फरश्या, जुने वासे, जुन्या खिडक्या मोजत होत्या. शेवटी त्या बाथरूममध्ये शिरल्या. तिथे सुताराने कुणाच्या तरी पाडलेल्या घराचं पुढचं दार बसवलं होतं, पत्रं टाकायच्या फटीसकट.

वारा आला आणि दार धाडकन लागलं.

"अहो, आतली मूठ माझ्या हातात आलीये!" फटीतून आवाज आला.

"किल्ली?" नवऱ्याने सुताराकडे पाहिलं.

"मूळ मालकाकडे असेल. पण घरच राहिलं नाही तर किल्ली कोण सांभाळतं, साहेब? बिजागऱ्याही आतून आहेत."

"मग फोड!"

"खबरदार!" बायको दाराला पाठ लावून उभी राहिली. "दार गेलं की आपण एकोणपन्नासवर!"

"अगं, आत माणूस आहे!"

"माणूस मोजत नाहीत. दार मोजतात."

"बरोबर आहे वहिनींचं," आतून दुजोरा आला. "फुटलेलं सामान मला धरता येत नाही. पण अर्ध्या तासात ऑफिस बंद होईल, आणि मी स्वतः जाऊन फॉर्म दिला नाही तर पुढची तपासणी महिन्याने."

इकडे आड, तिकडे विहीर. महिनाभर सामानासकट रस्त्यावर बसलेलं आपलं कुटुंब नवऱ्याला दिसू लागलं. त्याला आता फक्त रडायचं बाकी होतं.

बायको मात्र दाराशेजारच्या भिंतीकडे टक लावून बघत होती. "ही नव्या विटांची ना?"

"कोऱ्या करकरीत," सुतार म्हणाला.

"मग ही पाडली तर नवं सामान कमी होईल. म्हणजे जुन्याचं प्रमाण..."

आत कागदावर पेन खरखरलं. मग फटीतून उत्तर आलं, "त्रेपन्न! मी कोपऱ्यात सरकते. मारा हातोडा!"

दहा मिनिटांनी तपासनीस बाई भगदाडातून बाहेर आल्या. केस पांढरे झाले होते, पण फॉर्म काखेत शाबूत होता. त्यांनी सही ठोकली, तरी नवऱ्याच्या जिवाला चैन नव्हतं.

"मॅडम, भिंत परत बांधावी लागेल हो! म्हणजे पुन्हा एकावन्न?"

"याच विटांनी बांधणार ना? मग त्या आता वापरलेल्या झाल्या. पंचावन्न लिहिते." आणि केस झटकत त्या ऑफिसकडे धावल्या.

नवरा सकाळपासून पहिल्यांदाच खाली टेकला. दाखला मिळाला, घर मिळालं, त्याचे डोळे खरोखर भरून आले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून टकटक ऐकू आली. बायको भिंतीवर बोटं वाजवून बघत होती.

"अहो, शेजारच्या वहिनींना साठ टक्क्यांचा सोनेरी शिक्का मिळालाय म्हणे."

सुताराने हातोडा अजून खाली ठेवलाच नव्हता.